वीस गोलांना तीन शाबासक्या

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी घरातल्या माणसांच्या चुका काढल्या. घरात माणसं दोनच, मी आणि माझे यजमान, त्यामुळे सगळ्या चुका त्यांच्याच वाट्याला आल्या. नाशिकरोडच्या एका शाळेत मी तीसेक वर्षं चित्रकला शिकवली. हातात लाल पेन आणि समोर वह्यांचा ढीग, असं माझं आयुष्य गेलं. निरोप समारंभात शाल आणि नारळ देतात, पण नजर काढून घेत नाहीत. यजमानांनी दोरीवर कपडे वाळत घातले की मला डावीकडे जास्त भार दिसायचा. त्यांनी पोह्यांची ताटली पुढे ठेवली की मी कोथिंबीर मधोमध आणायची. ते रेल्वेत कारकून होते, ऐकून घेण्याची त्यांना सवय आहे. तरी एका सकाळी पेपरमागून त्यांचा आवाज आला, "तू आठवड्यातून दोन दिवस तरी कुठे जात जा."

त्याच आठवड्यात फोन आला. तो त्यांनीच घडवून आणला असावा, अशी मला आजही शंका आहे.

"बाई, मी तुमची विद्यार्थिनी," पलीकडून आवाज आला. शाळेत आम्हाला सगळे बाईच म्हणत. तिने नाव सांगितलं, दहावीचं वर्ष सांगितलं, मी "अगं हो, हो" म्हणाले. मला ती अजिबात आठवत नव्हती. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत बरीच वर्षं काढून ती नाशिकला परत आली होती आणि गंगापूर रोडला एका औषधांच्या दुकानाच्या वर तिने मोठ्यांसाठी चित्रकलेचा वर्ग काढला होता. शाळा सुटल्यापासून ज्यांनी पेन्सिल हातात धरलेली नाही, अशांसाठी. शनिवार-रविवार सकाळी. तिला शिकवायला कोणीतरी अनुभवी हवं होतं.

"येते," मी म्हणाले. आतल्या खोलीत यजमानांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

पहिल्या दिवशी तिने मला आपलं कार्ड दिलं. त्यावर तिच्या नावाखाली 'फाउंडर' लिहिलं होतं, म्हणून मीही तिला इथे फाउंडरच म्हणते. वर्ग चांगला होता. पांढऱ्या भिंती, नवी टेबलं, कोपऱ्यात कुंडीत एक प्लास्टिकचं झाड. खरं ठेवलं असतं तर काढायला तरी उपयोगी पडलं असतं, असं मी म्हणाले. फाउंडर हसली आणि म्हणाली, "बाई, याच्याबद्दलच बोलायचंय आपल्याला."

मग तिने मला तासभर अभिप्राय कसा द्यायचा ते शिकवलं. तीस वर्षं शेरे लिहिलेली बाई समोर बसून ऐकत होती.

"मोठी माणसं फार नाजूक असतात," ती म्हणाली. "मुलाला चूक सांगितली की ते खोडरबर घेतं. मोठ्या माणसाला सांगितली की ते पुढच्या शनिवारी येत नाही. म्हणून आपला अभिप्राय सँडविचसारखा. खाली कौतुक, वर कौतुक, मध्ये एक सूचना. पातळ."

"किती पातळ?"

"काकडीची चकती असते तेवढी."

तिने मला लॅमिनेशन केलेलं एक कार्ड दिलं. त्यावर एका बाजूला टाळायचे शब्द होते. चूक, वाकडं, चपटं, पुन्हा काढा. माझं सगळं भांडवलच त्या बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला म्हणायची वाक्यं होती. 'रेषेत आत्मविश्वास आहे.' 'इथे एक सुंदर संधी आहे.' 'तुमचा प्रवास छान सुरू आहे.' शिवाय 'पण' म्हणायचं नव्हतं. 'पण' म्हटलं की माणूस त्याच्या आधीचं कौतुक विसरतो, असं तिचं म्हणणं. त्याऐवजी 'आणि' म्हणायचं.

तिने सरावासाठी मला एका जुन्या विद्यार्थ्याचं चित्र दाखवलं. मी कार्डाकडे बघत म्हणाले, "घागर छान आहे आणि तिला बूड नाही."

फाउंडरने ते चित्र हळूच पालथं ठेवलं. "जमेल तुम्हाला, बाई," ती म्हणाली. तेही सँडविचच असावं.

वर्गात अकरा जण होते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपण का आलो ते सांगितलं आणि प्रत्येक सांगण्यानंतर टाळ्या वाजवायच्या होत्या. कोणाला मनःशांती हवी होती, कोणाला स्वतःसाठी वेळ, कोणाला मोबाइलपासून सुटका. हे सांगताना त्यांनी मोबाइल टेबलावर पालथे ठेवले होते. पहिल्या रांगेत एक निवृत्त सरकारी अभियंते बसले होते. त्यांनी हयातभर कालवे बांधले होते आणि पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. ते म्हणाले, "माझी रेष आधीपासून सरळच आहे. फक्त कलात्मक बाजू बघायची."

शेवटी निफाडच्या पलीकडून आलेले एक द्राक्ष बागायतदार उभे राहिले. पन्नाशीचे, बोटांवर बागेचे काळे डाग, पेन्सिल मुठीत छाटणीच्या कात्रीसारखी धरलेली.

"मला पेटीवर घड काढायचाय," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. त्यांची द्राक्षं पुठ्ठ्याच्या पेट्यांतून जातात. पेटीवर एक घड छापलेला असतो, सगळ्यांच्या पेटीवर तोच. "तो घड आमच्याकडचा नाय. सगळे मणी एकसारखे, एकावर धूळ नाय, पान तर कुठल्या झाडाचं हाय तेच कळत नाय. आमचा माल आत अन् वर फोटो भलत्याच माणसाचा, असं झालं ते. मला माझा घड काढायचाय."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जास्त अर्थ असलेलं उत्तर हेच होतं, पण टाळ्या सगळ्यांना सारख्याच वाजल्या.

पाठ अगदी प्राथमिक होते. हाताने सरळ रेषा, मग गोल, मग लंबगोल, घन, मग फिकटपासून गडदपर्यंत छटा. मुलांना एलिमेंटरीच्या परीक्षेआधी देतात तेच. अभियंत्यांच्या रेषा पहिल्या दिवसापासून इतक्या सरळ होत्या की मला संशय आला. मी फळ्याकडे वळले की त्यांचा पालथा मोबाइल हळूच कागदावर सरकायचा आणि त्याच्या कडेने रेष निघायची. मी परत वळले की मोबाइल जागेवर. माझ्या शाळेत हा प्रकार करणारा मुलगा तास संपेपर्यंत बाकावर उभा राहिला असता. मी कार्डाकडे बघितलं आणि म्हणाले, "रेषांमध्ये शिस्त आहे."

"कालव्यांची सवय," ते शेजारणीला म्हणाले.

आठवड्याचा गृहपाठ सगळे फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकायचे आणि मी तिथेच अभिप्राय लिहायचे. पहिले दोन आठवडे मला त्याचा त्रास झाला. एका बाईंनी पाठवलेला घन डब्यावर कोणीतरी बसल्यासारखा दबला होता. तिथे 'चपटा' हा शब्द माझ्या बोटांतून आपोआप यायचा, मी तो खोडायचे आणि लिहायचे, 'आकाराला जमिनीची ओढ आहे.' त्यांनी त्याच्याखाली लाल बदाम टाकले.

आणि खरं सांगायचं तर ते लाल बदाम मला आवडायला लागले. तीस वर्षांत मला कोणी बदाम पाठवला नव्हता. शाळेतली मुलं बाजारात मी दिसले की रस्ता ओलांडायची. आता मोठी माणसं 'मॅडम, तुमच्यामुळे आठवडा सुंदर झाला' असं लिहायची. फाउंडरने माझे अभिप्राय माझ्या फोटोसह वर्गाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकले. तिसऱ्या आठवड्यापासून मी मेथी निवडता निवडता अकरा जणांना उत्तरं देऊ लागले. एकदा यजमानांनी मागून वाचलं आणि म्हणाले, "हे तू लिहितेस?"

"हो. का?"

"काही नाही. मला असं कधी बोलली नाहीस, म्हणून विचारलं."

यात एक गोष्ट हळूहळू झाली आणि ती माझ्या लक्षात आली नाही. मी चित्रं बघणं बंद केलं. नाव बघायचे, कागद आहे एवढं बघायचे आणि मागच्या वेळी न वापरलेलं वाक्य लिहायचे.

बागायतदारांनी वीस गोलांचं पान पाठवलं तेव्हा मी लिहिलं, 'गोलांमध्ये सुंदर लय आहे.' पुढच्या आठवड्यात त्यांचं पान आलं तेव्हा लिहिलं, 'हात किती मोकळा झालाय, प्रगती स्पष्ट दिसते.' त्याच्या पुढच्या आठवड्यात लिहिलं, 'आता प्रत्येक गोलाला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आलं आहे. तुमचा प्रवास छान सुरू आहे.' त्यावर फाउंडरने टाळ्या टाकल्या.

त्या रविवारी वर्ग सुरू होताच बागायतदार माझ्या टेबलापाशी आले. बाकीचे बहुतेक जण मिसळ खाऊन आलेले असल्याने जरा सुस्त होते.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

त्यांनी फोन पुढे केला. "हे पान बघा. मग हे. अन् हे."

"वा, छान..." मी सुरुवात केली.

"एकच पान हाय, मॅडम. तीनदा पाठवलं. नवीन काढलंच नाय मी. दुसऱ्या खेपेला तर कोपऱ्यावर चहा सांडलेला हाय, तो पण दिसतोय बघा."

मिसळीची सुस्ती एकदम उतरली. सगळे बघायला लागले. चहाचा डाग खरोखरच होता, चांगला मोठा, लंबगोल. त्या पानावरचा सगळ्यांत चांगला आकार तोच होता.

ते चिडलेले नव्हते, त्यामुळे मला जास्त लाज वाटली. "तुमचा अपमान करायचा नाय मला," ते म्हणाले. "पण पहिल्याच टायमाला वाटलं, हे कायतरी गडबड हाय. माझे गोल मला दिसतात ना. लसणाच्या पाकळ्या हायत त्या. आमच्याकडं छाटणीला नवा माणूस येतो. त्यानं काडी चुकीच्या डोळ्यावर, म्हणजे चुकीच्या कोंबावर कापली तर मी तिथंच, त्या वेलीपाशीच त्याला थांबवतो. छान कापतोय म्हणलो, तर दुपारपर्यंत आख्खी ओळ जाईल. मग घड नाय आला तर वेलीला काय आत्मविश्वास दाखवू?"

काय बोलावं ते कार्डावर नव्हतं. मी म्हणाले, "मूळ पान आणलंय?"

त्यांनी पिशवीतून काढलं. घडी घातलेलं, डागासकट. मी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि त्या पानाकडे पहिल्यांदा बघितलं.

दोन मिनिटं गेली असतील. मग मला ते दिसलं. एक सोडला तर सगळे गोल एकाच ठिकाणी बसले होते, खाली उजवीकडे. म्हणजे हे गोल वेगवेगळे चुकलेले नव्हते, ती एकच चूक एकोणीसदा झालेली होती. मी पान उलटं करून बोट फिरवलं तर रेषा मागून हाताला लागत होत्या, इतका जोर दिलेला.

"इथे बोट ठेवा," मी म्हणाले. "जवळजवळ सगळे इथेच चपटे आहेत. तुम्ही वरून सुरू करता, डावीकडून छान उतरता, आणि खाली आलात की तुमचाच हात तुमच्या रेषेच्या आड येतो. दिसत नाही म्हणून तुम्ही घाईने बंद करता. मनगट टेकवलंय म्हणून असं होतं. हात खांद्यापासून फिरवा. पेन्सिल मागून धरा, मूठ नको. आणि आधी हवेत दोनदा फिरवा, मग टेकवा."

"जोर?"

"जोर अजिबात नको." मी त्यांना सांगितलं की मी इगतपुरीची. तिथे पावसाचे चार महिने वहीचा कागद दमट असायचा, जोर दिला की फाटायचा, त्यामुळे हलका हात मला कोणी शिकवावा लागला नाही. "कागद ओला आहे असं समजा."

त्यांनी तिथेच उभं राहून काढायला सुरुवात केली. पहिले पाच-सहा आधीपेक्षा वाईट आले. मग एक आला.

"हा?" त्यांनी विचारलं.

"हा बरा आहे. त्याच्या आधीचे नाहीत. आणि तुमच्या जुन्या पानावरचा हा चौथा बघा, हाही चांगला होता. तो तुम्ही हात उचलून काढलाय."

"तेव्हा फोन वाजत होता," ते म्हणाले. "उभ्यानं काढला." त्यांनी चौथ्या गोलाकडे बराच वेळ बघितलं. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं, आणि तेही वीसपैकी एकोणीस गोल बाद झाल्यावर.

वर्गात चुळबुळ सुरू झाली. एकेक जण आपापलं पान पुढे करायला लागला. पहिल्या रांगेतून अभियंते म्हणाले, "माझंही सांगा, मॅडम. अगदी मोकळेपणानं."

मोकळेपणानं हा शब्द माणसं कशासाठी वापरतात हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी म्हणाले, "तुमच्या रेषा सरळ आहेत, कारण तुम्ही मोबाइलची कड लावता."

ते सावकाश उभे राहिले. "हा आरोप आहे."

"मी पहिल्या दिवसापासून बघतेय."

त्यांनी पेन्सिली उंचीप्रमाणे डबीत भरल्या, त्याला बराच वेळ लागला, आणि ते निघून गेले. दुपारी ग्रुपवर त्यांचा मजकूर आला. 'उपरोक्त वर्गातील वातावरणाच्या अनुषंगाने' अशी सुरुवात होती, मुद्द्यांना क्रमांक होते, मुद्दा तीनला अ आणि ब असे पोटमुद्दे होते आणि शेवटी 'माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी सविनय सादर' असं होतं. चौघांनी त्याखाली हात जोडले. ते कोणाच्या बाजूने जोडले होते हे शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी फाउंडरने मला बोलावून घेतलं. वर्ग रिकामा होता. तिने चहा मागवला आणि मला वाटलं, आता खालचं कौतुक येईल, मग काकडी, मग वरचं कौतुक. पण तिने वेगळंच विचारलं.

"बाई, मी तुम्हाला आठवते का? खरं सांगा."

"नाही," मी म्हणाले.

तिने खणातून एक जुनी चित्रकलेची वही काढली. पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली, पाचवी किंवा सहावीची असावी. तिने मधलं एक पान उघडलं. एक जांभळट हिरवं फळ होतं आणि खाली लाल पेनाने, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आंबा की वांगं? दोघांनाही विचारून ये.'

"तुम्ही वही वर धरून वर्गाला दाखवली," ती म्हणाली. "सगळे हसले. वर्षभर मला वांगं म्हणायचे. त्यानंतर मी चित्र कधी काढलं नाही. वर्ग काढला."

ती रागाने बोलत नव्हती. बहुधा हे वाक्य तिने आधी अनेकदा मनात म्हणून बघितलं असावं.

मला लाज वाटली, हे खरं आहे. पण लाज वाटायच्या आधी एक क्षण माझ्या मनात आलं की ते खरंच वांग्यासारखं दिसतंय. ही माझी जात. मी ते चित्र जवळ घेतलं. देठापाशी हिरवं, टोकदार, पाकळ्या पाकळ्यांचं टोपडं काढलेलं होतं. बाकी आकार आंब्याचाच होता. त्या टोपड्यामुळेच त्याचं वांगं झालं होतं.

"हे टोपडं कुठून आणलंस?" मी विचारलं.

"आमच्या दारात वांगी होती. ती मला माहीत होती. आंब्याचा देठ कसा असतो ते आठवेना. तुम्ही फळ्यावर 'आंबा' लिहिलंत आणि बाहेर गेलात. समोर आंबा ठेवला नव्हता."

मी त्या दिवशी बाहेर का गेले असेन, ते मला आठवत नाही. चहाला, बहुतेक. पस्तीस मुलांसमोर एक शब्द लिहून मी चहाला गेले, परत येऊन एका मुलीची थट्टा केली आणि त्याला वर्षानुवर्षं शेरा म्हणत राहिले. तिच्या जागी बसून मी तो शेरा पुन्हा वाचला. त्यात काय करायचं हे कुठेच नव्हतं. 'देठ बघून काढ' एवढे तीन शब्द मी लिहिले असते तर पुरलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हा शब्द कार्डावर बंद आहे, बाई," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिने डोळे पुसले, मग चहा गार झाला म्हणून पोऱ्याला हाक न मारता स्वतःच खाली जाऊन दुसरा घेऊन आली.

त्या दिवशी आम्ही बराच वेळ भांडलो. तिचं म्हणणं, मी माणसं पळवून लावते. माझं म्हणणं, ती त्यांना जागचं हलू देत नाही. मी म्हणाले, "मी तुझ्या वहीत तिखट लिहिलं आणि तुझ्या कार्डावर सगळं गोड आहे. तू आंबा नीट काढावास यासाठी दोन्हींचा उपयोग शून्य." तिने ते लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पुण्याला कंपनीत होती.

पुढच्या आठवड्यात तिने वर्गाचे दोन भाग केले. शनिवारी 'आनंद' आणि रविवारी 'स्पष्ट'. रविवारसाठी तिने नवीन कार्ड छापलं आणि तेही लॅमिनेशन केलं. त्यावर लिहिलं होतं, 'काय दिसतं ते सांगा. कुठे दिसतं तिथे बोट ठेवा. पुढे काय करायचं ते सांगा.' लॅमिनेशन सोडलं तर माझी काही तक्रार नव्हती.

'स्पष्ट' इतका भरला की खुर्च्या कमी पडल्या. आपण टीका सहन करतो हे सांगायला लोकांना फार आवडतं, हे मला नवीन होतं. ते छाती पुढे काढून येत, पान ठेवत आणि म्हणत, "बिनधास्त सांगा." मी बिनधास्त सांगितलं की पान स्वतःकडे ओढून घेत. मग हळूच, "बाकी बरं आहे ना?" बाकी बरं असेल तर मी हो म्हणायचे. एक बाई नाराज झाल्या, कारण मला त्यांच्या पानात एकच चूक सापडली. "मैत्रिणीच्या पाच काढल्यात तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी त्यांच्याकडे कमी लक्ष दिलं.

अभियंते आधी 'आनंद'मध्ये गेले. महिनाभराने एका रविवारी ते मागच्या रांगेत येऊन बसले. वर्ग संपल्यावर सगळे गेले तेव्हा त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर हाताने काढलेल्या रेषा होत्या. त्या थरथरत गेल्या होत्या, नकाशातल्या नद्यांसारख्या. कागद ठेवून ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले. माणूस दवाखान्यात रिपोर्ट दाखवताना असाच बाहेर बघतो.

"सुरुवात चांगली आहे," मी म्हणाले. "मध्ये थरथरते, कारण तुम्ही पेन्सिलच्या टोकाकडे बघता. जिथे पोचायचंय तिथे बघा. कालवा खणताना कुदळीकडे बघायचात की पुढच्या खुंटीकडे?"

त्यांनी विचार केला. "खुंटीकडे."

"मग झालं."

त्यांनी खिशातून डायरी काढली आणि ते लिहून घेतलं. मुद्दा क्रमांक एक.

बागायतदार थंडीभर येत राहिले. गोलांवरून ते मण्यांवर आले, उजेडाची बाजू कुठली आणि अंधाराची कुठली हे शिकले, आणि माल तयार व्हायला लागला तसा त्यांनी घड काढला. मी त्यात तीन चुका दाखवल्या. दोन त्यांनी दुरुस्त केल्या. तिसरी म्हणजे एका बाजूचे मणी फारच बारीक होते. ते म्हणाले, "त्या बाजूला पानांची सावली असती. तिकडं मणी फुगत नाय." मी म्हणाले, तसं असलं तरी नजरेला खटकतं. पुढच्या रविवारी त्यांनी खरा घड आणून टेबलावर ठेवला. मणी एका बाजूला बारीकच होते. आम्ही सगळ्यांनी तो घड बघितला आणि मग खाल्ला.

ते चित्र घेऊन ते पेट्या छापणाऱ्याकडे गेले. त्यानंतर काढणी सुरू झाली आणि त्यांचं येणं थांबलं. एका दुपारी मी फोन केला तेव्हा मागे बायकांचे आवाज येत होते, पेट्या भरणं चालू होतं.

"काय म्हणाला छापणारा?" मी विचारलं.

"छान म्हणला. लय छान म्हणला. अगदी खऱ्यासारखं म्हणला. अन् जुनाच छापून दिला." मग ते म्हणाले की मूळ चित्र त्यांनी शेडमध्ये लावलंय, आणि पेट्या भरणाऱ्या बायकांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की हा घड अजून आठ दिवस वेलीवर ठेवायला हवा होता, साखर उतरलेली नाय. यावर ते फार खूश होते.

मे महिन्यात वर्गाला सुट्टी लागली. घरी बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी स्वतः कित्येक वर्षांत चित्र काढलेलं नाही. फळ्यावर काढलं, दुसऱ्यांच्या कागदांच्या कोपऱ्यात काढलं, पण बसून, आपलं असं, काही नाही. मग मी आमचं जेवणाचं टेबल काढायला घेतलं. त्यावर पाण्याचा तांब्या आणि फळांची दुरडी. तीन दुपारी लागल्या. चौथ्या दिवशी सकाळी यजमानांपुढे धरलं.

"छान," ते म्हणाले. डोळे पेपरातच होते.

"नीट बघा."

त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि कागद हातात घेतला. ऑफिसात मालाच्या नोंदी तपासायचे तसा वरून खाली, एकेक ओळ असल्यासारखा बघितला. मग बोट ठेवलं.

"हा टेबलाचा पाय आखूड वाटतोय."

"ते तसंच दिसतं. मागचा पाय आहे तो, लांबचा."

"असेल," ते म्हणाले आणि पुन्हा पेपर घेतला.

मी दुपारपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. चहा दिला, पण नुसता पुढे ठेवला. मग ते झोपायला आडवे झाले तेव्हा मी चित्र भिंतीला टेकवलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. पाय आखूडच होता. मी खोडरबर घेतलं आणि तो वाढवला. आता बाकीचे तीन आखूड दिसायला लागले.